पाचव्या मजल्यावरून परदेश

माझ्या नोकरी सोडण्याचं कारण एक वॉशिंग मशीन आहे, असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंच तसं आहे.

मी वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात होते. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि फोनच्या पलीकडे कुणीतरी तापलेलं. मशीन गळतंय, मशीन नाचतंय, मशीनने नवऱ्याचा पांढरा शर्ट गुलाबी केला, सगळ्यांना माझं उत्तर एकच, "आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही, 'बघते' म्हणायचं, असं आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हे 'बघते' माझ्या इतकं अंगवळणी पडलं की टॅक्सीवाल्याने उगाच लांबून नेलं तरी मी "बघते" म्हणायची आणि मुकाट्याने खिडकीतून बघत बसायची.

तर एके दिवशी एका बाईंचा फोन आला. कपडे पिळताना त्यांचं मशीन थडथडत मोरीतून निघालं, पॅसेज ओलांडून गेलं आणि दाराशी जाऊन थांबलं. वायर लांब होती म्हणून जमलं. बाई रडकुंडीला आल्या होत्या. मी दिलगिरी व्यक्त केली, तक्रार नोंदवली आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, ते मशीनसुद्धा दारापर्यंत गेलं. मी मात्र इतकी वर्षं त्याच खुर्चीत, त्याच खिडकीकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मऊ आवाजात म्हणाले, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." हे वाक्य मीच नवीन मुलींसाठी लिहून दिलं होतं, म्हणून त्यापुढचं वाक्य कुठलं येणार हेही मला ठाऊक होतं. ते आलंच. मी मध्येच उठले.

बेत असा होता. पाठीवर एक सॅक घ्यायची, विमानाने एका देशात उतरायचं, तिथले डोंगर चढायचे, मग बसने पुढच्या देशात, तिथून त्याच्या पुढच्यात, असं जमीन संपून समुद्र लागेपर्यंत जायचं. मग बोटीने बेटं. महिनोन्‌महिने. हॉटेल नाही, गाइड नाही, "उजव्या हाताला बघा, डाव्या हाताला बघा" नाही. या वयात हे खूळ कुठून आलं, असं मावशीने फोनवर विचारलं. मी म्हटलं, "बघते."

घरात बाबा आणि मी, दोघंच. आई जाऊन बराच काळ लोटला. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. आयुष्यभर दुसऱ्यांना वर-खाली नेलं आणि निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असा सूड उगवला की स्वतःला एक जिना चढायचा तरी कठड्याला धरून, कण्हत. आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर लिफ्टची मशीन-रूम. घर घेताना आईला समुद्राच्या बाजूचा दुसरा मजला हवा होता. बाबांनी मशीन-रूमच्या खालचा घेतला.

त्यांना माझा बेत सांगितला तेव्हा ते "हं" म्हणाले. बाबांच्या 'हं'चे पुष्कळ प्रकार आहेत. हा कुठला ते मला कळेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वजन किती न्यायचं?"

"सॅकसकट दहा किलोच्या आत."

"आणि चढ?"

"असेल की. डोंगर आहेत बाबा."

"हं," ते म्हणाले. हा दुसरा.

मी तयारीला लागले. तयारीत माझा हात कुणी धरणार नाही. बूट आणले आणि ते पायाला बसावेत म्हणून घरभर घालून फिरले, स्वयंपाकसुद्धा बुटांतच केला. रेनकोट आणला आणि तो घालून अंघोळीच्या शॉवरखाली उभी राहिले. बाहेरून थेंब आत आला नाही, आतून घामाने चिंब झाले. तंबू दिवाणखान्यात ठोकला. बाबा पेपर वाचायला आले, दोरीला अडखळले आणि थेट तंबूत जाऊन बसले. मग म्हणाले, "आलोच आहे तर चहा इथेच दे." वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापावा असं कुठल्यातरी प्रवाशाने इंटरनेटवर लिहिलं होतं. मी कापला. तो बाबांचा निघाला. त्यांनी आठवडाभर त्याच बुटक्या ब्रशने, बोटं तोंडात घालून दात घासले, पण अवाक्षर काढलं नाही.

सगळं झालं. लस टोचून घेतली, पासपोर्ट आला, मोजे आले, सॅकही मागवून झाली. फक्त तिकीट काढायचं राहिलं.

ते राहिलं याचं कारण सरळ होतं. मी विमान कंपनीचं पान उघडायची, तारीख टाकायची, आणि आतल्या खोलीत बाबा खोकायचे. मुद्दाम नाही, माणूस खोकतो तसे. पाचवा मजला, ते गुडघे आणि एकटा माणूस. मी पान बंद करायची. मला जायचं होतं, अगदी जीव तोडून जायचं होतं. आणि यांना असं टाकून जायची हिंमत होत नव्हती. दोन्ही खरं होतं. म्हणून मी आणखी मोजे मागवायची.

ज्या दिवशी सॅक घरी आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी लिफ्ट बंद पडली.

लिफ्टच्या कंपनीचा मेकॅनिक आला. तो एके काळी बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच टक्कल पडलेला, पण अजून बाबांना 'उस्ताद' म्हणतो. दोघं कठड्याला धरत गच्चीवर गेले, बराच वेळ वर होते, आणि खाली येऊन मेकॅनिकने सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, "पार्ट गेलाय. मागवावा लागेल."

"कुठला पार्ट?" सेक्रेटरींनी विचारलं.

मेकॅनिकने बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. "आतला," मेकॅनिक म्हणाला.

मला तर बरंच झालं असं वाटलं. लांबच्या प्रवासाआधी वजन भरलेली सॅक पाठीवर घेऊन रोज जिने चढा, असा सगळ्याच जाणकारांचा सल्ला असतो. लिफ्ट चालू असती तर मी पहिल्या मजल्यावर "आजपुरतं" म्हणून बटण दाबलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखून आहे. सॅकमध्ये जुने शब्दकोश भरले आणि निघाले. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर माझे डोळे पांढरे झाले. चौथ्यावर मी पायरीवर बसले आणि परदेशातल्या समस्त डोंगरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाचव्यावर बाबा दार उघडून उभे होते. हातात पाण्याचा पेला. "हं," म्हणाले.

चार दिवस असे गेले असतील. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. या बाई घरी मुलांना गणित शिकवतात आणि जगाकडे तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या बघतात.

"काय गं, यात काय भरलंयस?"

"शब्दकोश."

"कशाला?"

"वजन हवं म्हणून."

बाईंनी सॅक बोटाने दाबून बघितली. "वजनच हवं ना? मग शब्दकोशाचं काय एवढं? माझे बटाटे आण की. तुझंही काम होईल, माझंही होईल."

यात खोट काढायला जागा नव्हती. आणि असती तरी माझ्या तोंडून काय निघणार होतं? "बघते," मी म्हणाले.

बटाट्यांची बातमी फुटायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी तेलाचा डबा सांगितला आणि वर, "यालाच खरी समाजसेवा म्हणतात," असं म्हणून पाठ थोपटली. पाठीवर डबा असल्याने थाप डब्यावर पडली. मग कुणाचं पीठ आलं, कुणाची इस्त्री दुरुस्त होऊन आली, कुणाचा टेबलफॅन. सकाळी माझ्या दाराचा कानोसा घेऊन लोक आपापल्या दारात पिशव्या मांडून ठेवायला लागले. एकदा मी नुसतीच, हात हलवत, मोकळ्या पाठीने खाली गेले तर सेक्रेटरींनी काळजीने विचारलं, "आज सुट्टी का?"

आणि मग शेठ.

शेठ हा चौथ्या मजल्यावरच्या काकांचा कुत्रा. म्हातारा, लठ्ठ, पाय आखूड, पोट पायऱ्यांना घासणारं. काका एकटे, बायको मागेच गेलेली, आणि शेठ हेच त्यांचं घरदार. लिफ्ट बंद पडल्यापासून शेठचे फार हाल चालले होते. काका त्याला उचलून खाली न्यायचे आणि परत येताना दर मजल्यावर दोघंही धापा टाकत बसायचे. एके दुपारी काका माझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी याचं वजन कमी करायला सांगितलंय. पण तोवर हे वजन तुमच्या उपयोगी पडत असेल तर…"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी "बघते" म्हणायच्या आतच काकांनी त्याला सॅकमध्ये बसवलं.

बटाटे गुमान बसून राहतात. शेठ तसा नव्हता. त्याचं मुंडकं सॅकच्या वरून बाहेर, माझ्या कानाशी. वळणावर तो एका अंगाला कलायचा आणि मी कठड्यावर जाऊन आपटायची. त्याच्या तोंडाचा वास मी या जन्मात विसरणार नाही. पण खरं सांगायचं तर तालीम झाली ती त्याच्यामुळे. हलणारं वजन, घसरणारा तोल, कानात लाळ. कुठल्याही डोंगराने मला याहून वाईट वागवलं नसतं. हळूहळू माझा श्वास लागायचा थांबला. एक दिवस शेठला सोडून पाचव्यावर पोचले तेव्हा मी चक्क शीळ वाजवत होते. बाबा दारात पेला घेऊन उभे होते. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं. 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत. आत निघून गेले आणि पेल्यातलं पाणी स्वतःच प्यायले.

पार्ट काही येत नव्हता. मेकॅनिक दर आठवड्याला येऊन "निघालाय" म्हणून सांगायचा आणि आमच्याकडे चहा पिऊन जायचा. मी एकदा त्याची हत्यारांची पिशवीही वर आणून दिली. तो बिचारा इतका ओशाळला की चहात बिस्किट बुडवून विसरला.

"कुठून निघालाय हो हा पार्ट? चालत येतोय का?" मी विचारलं.

"ताई, मी लहान माणूस आहे," असं म्हणून त्याने बाबांकडे असं बघितलं, जणू त्याची गृहपाठाची वही मी तपासायला मागितली आहे.

ही दिरंगाई मुद्दाम चालली आहे असा माझा संशय होता, आणि तो सेक्रेटरींवर. एका रविवारी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर, जिन्यातच, सोसायटीची सभा घेतली. लोक पायऱ्यांवर बसले. मी सर्वांत खालच्या पायरीवर, कारण माझ्या पाठीवर कुणाचं तरी मिक्सरचं खोकं होतं. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या कंपनीला बोलवा. सेक्रेटरींनी हात वर केला. "घाई कशाला? ताई आहेत तोवर तसं अडत कुणाचंच नाही. ताई, तुमचं जायचं काही ठरलं का?"

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आता बोलायला हवं होतं. मी माणूस आहे, लिफ्ट नाही. मला जायचंय, आणि मी जाणार आहे. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं.

"बघते," मी म्हणाले.

"झालं तर मग," सेक्रेटरी म्हणाले आणि सभा संपली. त्या संध्याकाळी मी आणखी एक मोज्यांची जोडी मागवली आणि मग स्वतःच्याच रागाने ती रद्द केली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, इमारत सगळी जेवून आडवी झाली होती तेव्हा, शेठला अवेळी खाली जायची गरज पडली. आम्ही परत वर येत होतो. तिसऱ्या मजल्यावर शेठने अचानक कान टवकारले आणि माझ्या कानात भुंकला. तो रोज दुपारी घरातून लिफ्टच्या दाराकडे तोंड करून भुंकतो, असं काका सांगायचे. म्हातारपणी भास होतात, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

आमच्या लिफ्टच्या दाराला एक उभी, अरुंद काच आहे. मी त्या काचेकडे बघत उभी राहिले. आधी दोर थरथरले. मग खालून उजेड आला, काचेतून सावकाश वर सरकला आणि निघून गेला. रिकामी लिफ्ट, आतला दिवा लावलेला, अगदी ऐटीत. थोड्या वेळाने तीच लिफ्ट तशीच खाली गेली.

शेठने माझ्याकडे वळून बघितलं. त्याच्या नजरेत 'सांगत होतो की नाही' असा भाव होता.

मी उरलेले जिने कसे चढले मला आठवत नाही. शेठला उतरवायचंही भान राहिलं नाही. आमच्या दाराला बाहेरून कडी. तशीच गच्चीवर गेले. मशीन-रूमचं दार उघडं होतं आणि आत बाबा स्टुलावर बसलेले, हातात तेलाची बुधली, मांडीवर फडकं. समोर मोटर मंद आवाजात फिरत होती. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं मी त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"बाबा!"

त्यांनी बटण बंद केलं. मोटर थांबली. "रोज थोडी फिरवावी लागते," ते म्हणाले. "नाहीतर जाम होते."

"पार्ट आला वाटतं?"

"पार्ट गेलाच नव्हता."

मी अशी भडकले की शेठ सॅकमध्ये खाली बसला. तक्रार विभागातली सगळी वर्षं, ऐकून घेतलेले सगळे फोन, गिळलेली सगळी उत्तरं एकदम बाहेर आली. लोकांची पोती मी वाहिली, म्हटलं. कुत्रा वाहिला. सभेत त्या सेक्रेटरींनी मला चारचौघांत सामानाची लिफ्ट करून टाकलं. आणि तुम्ही इथे बसून बटणं दाबताय? मला अडवायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतं! आणि त्या शिकवणीच्या बाई, त्यांच्या गुडघ्यांचा तरी विचार केलात?

"त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात," बाबा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या मजल्याला लिफ्ट लागते कशाला? उगाच मोटर झिजते."

"बाबा, विषय बदलू नका."

त्यांनी फडक्याने बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

"सॅक आली त्या रात्री झोप लागली नाही," ते म्हणाले. "ती तिथे खुर्चीत बसली होती, पाहुण्यासारखी. तेव्हा पटलं की तू खरंच जाणार. सकाळी वर आलो आणि बंद करून टाकली. म्हातारा बाप पाचव्या मजल्यावर अडकलाय म्हटल्यावर तुझा पाय निघणार नाही. हा विचार होता. वाईट होता. पण होता."

मला वाटलं होतं ते कबूल करणार नाहीत. पण ते सरळ बोलले.

"मग?" मी म्हणाले.

"मग तू पहिल्या दिवशी चौथ्यावर बसलीस. वरून बघितलं मी. तोंड लाल, घामाघूम. म्हटलं, ही तिकडे डोंगरावर अशी बसली तर पाणी कोण देणार? तेव्हा ठरवलं, आता मुद्दामच बंद ठेवायची. चालू केली तर तू बटण दाबशील. दाबशील की नाही?"

"दाबेन," मी म्हणाले.

"मग चढायला लागलीस. बटाटे घेऊन चढलीस, हे जनावर घेऊन चढलीस. आणि त्या दिवशी शीळ वाजवत आलीस. त्या दिवशी चालू करायला हवी होती. तयारी झाली होती तुझी. पण मग मला भीती वाटायला लागली. चालू केली की तू जाणार. म्हणून आज करू, उद्या करू…"

"आणि तुम्ही? इतके दिवस खाली पाऊल नाही टाकलंत. खाली बाकावर तुमचे ते सगळे मित्र वाट बघत असतात."

"बाकावर काय, त्याच त्या गप्पा," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांची नजर दाराबाहेर, बाकाच्या दिशेला गेली. खाली जायला मिळालं नाही याचं त्यांना किती वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. मला अडवायला म्हणून का होईना, या माणसाने स्वतःलाच वर कोंडून घेतलं होतं. मग माझे पाय घट्ट व्हावेत म्हणून तसाच कोंडून राहिला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. मध्ये तेलाची बुधली होती आणि पाठीवर कुत्रा.

"जाऊ नको म्हणा ना मग," मी म्हणाले. "एकदा म्हणा. मी खरंच नाही जाणार."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर म्हणत नाही." त्यांनी बुधलीचं झाकण लावलं. "मला करमणार नाही तुझ्याशिवाय. हे सांगतो, कारण खरं आहे. पण तू जा. मी तुला इथे बसून रोज विमान कंपनीचं पान बंद करताना बघायचं, ते मला नाही झेपणार."

म्हणजे त्यांना तेही माहीत होतं.

संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. पार्ट आला, असं मेकॅनिकने फोनवर सेक्रेटरींना सांगितलं, आणि सोसायटीने त्याचे आभार मानले. बाबा नवा शर्ट घालून सगळ्यात आधी खाली गेले आणि जेवायची वेळ टळून गेली तरी वर येईनात. शेठ आणि काका लिफ्टने तीनदा खाली-वर करून आले, कामाशिवाय.

दुसऱ्या सकाळी मी नुसती फिरायला म्हणून निघाले तर दुसऱ्या मजल्यावर पिशवी तयार.

"बटाटे संपलेत," शिकवणीच्या बाई म्हणाल्या.

"लिफ्ट चालू झालीय बाई."

"हो, पण लिफ्ट बाजारात जात नाही ना? तू येताना आण आणि लिफ्टने वर ये. तुला तर आता सोपं झालं."

पुन्हा खोट काढायला जागा नव्हती. मी तोंड उघडलं. 'ब' ओठांवर आला होता. तो तिथेच अडवला.

"नाही," मी म्हणाले.

बाई एक पायरी पुढे आल्या. मग त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "बरं नाहीये का तुला?"

"मस्त बरंय. मला तिकीट काढायचंय," मी म्हणाले आणि फिरायला न जाता तशीच वर आले. जिन्याने. लिफ्ट समोर उभी होती, पण माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबा टेबलाशी बसून पेपर वाचत होते. मी लॅपटॉप उघडून त्यांच्याशेजारी बसले. यावेळी पान बंद करायचं नाही, असं ठरवलं होतं आणि त्यासाठी ते शेजारी असलेले बरे. त्यांनी पेपर खाली ठेवला. मी जायची तारीख टाकली. त्यांनी ती वाचली.

पुढचा चौकोन परतीच्या तारखेचा होता.

"हे मला ठरवता येत नाहीये," मी म्हणाले. "पण तुमच्यासाठी टाकते. म्हणजे तुम्हालाही माहीत असेल. नंतर बदलता येते."

त्यांनी त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. मग त्यांनी मान हलवली.

"परतीचं काढू नकोस."

"अहो, पण…"

"तारीख कळली की मी आजपासून ती धरून बसणार. तू आणखी पुढे जायचं ठरवलंस की मला सांगायला कचरशील, आणि मी फोनवर 'हरकत नाही' म्हणेन आणि फोन ठेवून खिडकीशी बसेन. दोघांचाही प्रवास नासेल." त्यांनी चष्मा पुसला, जो आधीच स्वच्छ होता. "तारीख नको. एखाद्या दिवशी बेल वाजेल, मी दार उघडेन. एवढंच काम ठेव मला."

स्क्रीनवरची अक्षरं माझ्यासमोर पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. मी एकाच बाजूच्या तिकिटावर खूण केली. पैसे भरायचं पान आलं. नाक ओढत मी कार्डाचा नंबर टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला.

"रडायचं ते मग रड," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा चुकला तर बँक कार्ड बंद करते."

त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने, नीट थांबत वाचायला लागले. मध्ये एका आकड्यावर ते अडले. त्यांनी खाकरून तोच आकडा परत सांगितला आणि मी तो टाकला.